ओढ्यापलीकडे

गावाचं तोंड वुदेनं काळं केलं, असं येशीवर्क दोन वर्षं सांगत होती. वुदे तिची सून. पहिल्या खेपेला तिला अवेळी कळा आल्या, बाळ घरातच झालं आणि दिवस मावळायच्या आत गेलं. गेलं त्याबद्दल तालुक्याच्या लोकांनी काही विचारलं नाही. घरात झालंच कसं, ते विचारलं. तेव्हा नियमच तसा निघाला होता: ज्या गावात एकही बाई घरात बाळंत होत नाही त्या गावाला पांढरा झेंडा, आणि जिथं होते तिथं काळं फडकं. आमच्या आरोग्य चौकीपुढं निलगिरीचा उंच खांब आहे. त्याच्यावर काळं फडकं चढलं. ओढ्यापलीकडच्या गावाचा झेंडा पांढरा होता, आणि आमची गाढवं ओढ्यावर पाण्याला गेली की तिथली पोरं गाढवांनासुद्धा चिडवायची.

येशीवर्क गावातल्या बायकांच्या गटाची पुढारीण होती. कुणाला दिवस गेले त्यावर नजर ठेवायची, दिवस भरत आले की त्या बाईला खाली सडकेवरच्या दवाखान्याजवळ थांबायच्या खोलीत नेऊन सोडायचं, हे तिचं काम. आणि काळं फडकं लागलं ते तिच्याच सुनेपायी. तालुक्याच्या बैठकीत तिला सगळ्यांदेखत उभं केलं. "दुसऱ्यांच्या सुना सांभाळायला निघालीस, आणि स्वतःची?" असं साहेब म्हणाले आणि सभा हसली. तो प्रसंग येशीवर्कनं मला इतक्यांदा ऐकवलाय की आता वाटतं, उभी मीच होते.

मी इतागेन्य. नवरा मेला, मूल झालं नाही, जवाची दारू गाळते आणि विकते. गावातलं खरं काय ते माझ्या ओट्यावर सांडतं, त्यामुळे मला उगाच कुणाची भीती वाटत नाही.

या खेपेला वुदे शहाणी झाली होती. नववा महिना भरत आला तशी ती आपल्या पायांनी खाली गेली आणि थांबायच्या खोलीत जाऊन राहिली. ती सुखात होती तिथं. बाजाराच्या दिवशी मी जव घ्यायला खाली गेले तेव्हा पाहिलं, दोन-चार पोटुशा बाया भिंतीला टेकून उन्हात बसलेल्या आणि वुदे त्यांच्यातल्या एकीकडून वेणी घालून घेत होती. मला बघून म्हणाली, "या बाईला माझी जुनी वेणी उलगडायलाच अर्धा दिवस गेला बघ." तेवढ्यात येशीवर्क येऊन उभी राहिली.

"चल, बोचकं बांध. गावात जायचंय."

वुदेला वाटलं कुणी वारलं. "काय झालं, इमाये?" आमच्याकडे आईला इमाये म्हणतात, आणि वुदे सासूलाही तसंच म्हणायची.

"पांढरा झेंडा मिळतोय. परवा साहेब येतायत, गाडी घेऊन. पोटुशा बायांची रांग करायचीय, पिवळी फडकी बांधून. रांगेत पहिली तू."

"नर्सबाई म्हणाल्या आता हलू नको."

"नर्सबाईला काय जातंय म्हणायला! दोन दिवसांचं काम आहे. झेंडा चढला की मी स्वतः आणून सोडते तुला."

"दुसरी कुणी उभी करा ना पहिली. तिगिस्तला करा, तिचं पोट माझ्याहून मोठं दिसतं."

"फडकं तिगिस्तमुळं लागलं होतं का?" येशीवर्क म्हणाली.

वुदे बोचकं बांधायला लागली. मी म्हटलं, "अगं येशी, पोट काय झेंड्याची वाट बघत थांबणार आहे?" तर मला म्हणाली, "तू तुझी दारू बघ." मग आम्ही तिघी चढण चढून आलो. ओढ्यात गुडघ्याएवढं पाणी होतं. वुदे मधोमध थांबली, हातानं पाणी घेतलं, मानेवर लावलं. अलीकडे आलो की आमच्या गावाची हद्द लागते. येशीवर्क तिला चालताना पाठीला हात लावून आधार देत होती, ते मी सांगितलं पाहिजे. ती काही सुनेचा दुस्वास करणारी बाई नव्हती.

झेंड्याच्या दिवशी चौकीपुढचं मैदान झाडून लख्ख केलं होतं. निलगिरीच्या डहाळ्यांचा मांडव घातला होता. मांडवात लाल फीत बांधलेली नवी डोली ठेवली होती, बाळंतिणीला खाली न्यायची, तालुक्यानं दिलेली. फीत साहेब कापणार होते. जुन्या डोलीचे दांडे मोडून येशीवर्कनं आदल्या संध्याकाळी माझ्या हवाली केले. "तेवढंच सरपण होईल," म्हणाली. कारण चौकीमागच्या खोपटात मला जवाची उकड घोटायला बसवलं होतं. दवाखान्यात बाळंतिणीला देतात तशी, मधे खळगा करून मसाल्याचं लोणी ओतलेली उकड पाहुण्यांना खिलवायची होती. डोलीचे दांडे चांगले वाळलेले होते. आग छान लागली.

साहेबांची गाडी आली, बायकांनी गाणं म्हटलं आणि रांग उभी राहिली. थोड्याच वेळात खोपटाचं दार ढकलून वुदे आत आली. पिवळं फडकं तोंडात कोंबलेलं. ती पिठाच्या पोत्याला धरून खाली बसली, आणि मातीवर पाणी पसरलं.

"कधीपासून गं?" मी विचारलं.

"पहाटेपासून. इमायेला सांगितलं. म्हणाल्या, पोट उतरलं की तसं होतं."

मी बाहेर जाऊन मेकदेसला खुणावलं. मेकदेस म्हणजे चौकीतली आरोग्यसेविका, लग्न न झालेली तरणी पोर. मेकदेस आली, तिच्या मागोमाग येशीवर्क आली. येशीवर्कनं आत पाहिलं आणि आधी दार लावून घेतलं.

"डोली आण," मी म्हटलं.

"फीत आहे तिच्यावर."

"मग फीत तोड!"

"साहेबांसमोर? सगळ्यांसमोर? आणि काय सांगू, परत माझ्याच घरातली?" तिचा आवाज फाटला होता. ती वुदेजवळ बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. "सोस माझे बाई. थोडं सोस. झेंडा चढला की लगेच नेते तुला. मरियमची शपथ."

पण पोर थांबलं नाही. आमच्याकडे बाई अडली की शेजारणी दाराबाहेर बसून "मरियम, मरियम" अशा मेरीमातेला हाका मारतात, बाळ बाहेर येईपर्यंत थांबत नाहीत. त्या हाकांवर बाई जोर करते. माझ्या तोंडून पहिली हाक निघाली तशी येशीवर्कनं माझ्या तोंडावर हात दाबला. तिच्या हाताला लोण्याचा वास येत होता. बाहेर साहेब बोलत होते, या गावानं इतर गावांना वाट दाखवली म्हणून. आत वुदे फडकं चावत होती आणि कुणी मेरीला हाक मारत नव्हतं. अशी मुकी सुटका मी जन्मात पाहिली नाही.

मुलगी झाली. मेकदेसनं नाळ कापली, पोर पुसली, स्वच्छ कापडात गुंडाळून आईच्या छातीवर ठेवली. तेवढ्यात बाहेर झेंडा चढला.

आमच्याकडे मुलगा झाला की बायका जीभ नाचवत सात किलकाऱ्या देतात, मुलगी झाली की तीन. झेंड्याला काय द्यायच्या ते कुणी ठरवलं नव्हतं. सगळ्या गावच्या बायकांनी मिळून सात दिल्या. मी एकेक मोजली.

वुदेनं डोळे उघडले. "कुणाला मुलगा झाला?" तिनं विचारलं.

येशीवर्कनं तोंड फिरवलं. मेकदेस वुदेच्या पायांकडे बघत होती, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. रक्त थांबत नव्हतं. मेकदेसनं गोळ्या आणून जिभेखाली ठेवल्या, पोट चोळलं, परत चोळलं. खालची माती भिजून काळी झाली.

"एतेते येशी," मेकदेस म्हणाली. एतेते म्हणजे ताई. "हे माझ्या हातातलं नाही राहिलं. गाडी पाहिजे. आत्ता. गाडी तिथं उभी आहे."

"गाडी मागितली की सगळं कळेल."

"कळू दे ना!"

"आणि तुझी नोकरी? घरात बाळंतपण होऊ देणार नाही म्हणून साहेबांसमोर हात वर कुणी केला होता? मी का?"

मेकदेस रडायला लागली, पण रडत रडत दार उघडून बाहेर गेली. मी तिच्या मागोमाग मांडवाच्या कडेपर्यंत गेले. तिथून सगळं ऐकू येत होतं. साहेब खुर्चीवर बसले होते, हातात कॉफीचा पेला. मेकदेस त्यांच्याजवळ वाकली.

"साहेब, एक बाई आहे. गाडी मिळाली तर..."

"काय झालं बाईला?"

"रक्त जातंय."

साहेबांनी पेला खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता, चटकन उठायलाच निघाला होता. मग त्याच्या डोक्यात काहीतरी आलं. त्यानं वर खांबाकडे पाहिलं. "बाळंत झाली? घरात?"

मेकदेसनं डोळे पुसले.

"मेकदेस, घरात नाही ना झाली?"

तिनं मांडवाकडे पाहिलं, झेंड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून सांगत होते, बोल, बोल बये. ती म्हणाली, "नाही साहेब. कुणी बाळंत नाही झाली. पाळीचंच असेल."

"मग घाबरवतेस काय मला! गोळी दे, पडून राहू दे. आम्हाला पुढच्या गावाला जायचंय अजून." साहेब परत टेकले आणि कॉफी प्याले.

मला त्या पोरीच्या दोन कानाखाली द्याव्याशा वाटल्या. अजून वाटतं. पण साहेबांच्या अंगावर मी ओरडलेच. "अहो, खोटं बोलतेय ती! आत येऊन बघा!" म्हटलं. गटातल्या दोघीजणी माझ्या दंडाला धरून मला मागे घेऊन गेल्या, आणि मी ऐकलं, एकजण साहेबांना सांगत होती, "दारू गाळते ती. सकाळपासून चाखत असते." सगळे हसले.

खोपटात आले तेव्हा वुदे गेली होती. येशीवर्क तिचं डोकं मांडीवर घेऊन तशीच बसली होती. तिनं सुनेचे डोळे मिटले, हनुवटी बांधली, आणि मग स्वतःच्या मनगटाला असा चावा घेतला की रक्त आलं. आवाज मात्र काढला नाही. मला वाटलं, आता ही फुटेल, बाहेर जाऊन त्या मैदानात छाती बडवेल. ती उठली. चेहरा पुसला. म्हणाली, "इथं नाही मेली ती."

"काय?"

"ओढ्यापलीकडे आपली हद्द नाही. वाटेत बाळंत झाली, वाटेत गेली. वाटेतलं कुणाच्या माथी लागत नाही." ती मेकदेसकडे वळली. "पोर तू घे. रडू देऊ नको."

मेकदेसनं पोर उचलली, आपल्या झग्याची बटणं काढली, पोर उघड्या छातीशी धरली आणि वरून जाकीट बंद केलं. तेवढं एक तिनं बरोबर केलं, कारण पोर गार पडायला लागली होती.

मग जे झालं ते माझ्यासारख्या निर्ढावलेल्या बाईलाही बघवलं नाही. साहेबांनी फीत कापली. येशीवर्क पुढं झाली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आता आमचे गडी डोली कशी नेतात ते पाहुण्यांना दाखवतील!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. खांदा द्यायला चौघे निवडले होते, त्यात पुढच्या डाव्या दांड्याला अयालेव. अयालेव येशीवर्कचा मुलगा, वुदेचा नवरा. त्याला तिनं बाजूला घेऊन कानात सांगितलं, "वुदेला कळा लागल्यात. साहेबांना कळू द्यायचं नाही. पळत न्या." तो एवढा घाबरला की त्याच्या हातातली काठी पडली. वुदेला डोक्यापासून पायापर्यंत जाड चादरीत गुंडाळून डोलीत घातलं, दृष्ट लागू नये म्हणून बाळंतिणीला झाकतात तसं. डोली मांडवातून निघाली तेव्हा साहेबांबरोबरच्या माणसानं फोटो काढला. फोटोत अयालेव हसतोय, कारण काढणाऱ्यानं "हसा" म्हटलं होतं.

उतारावर ते खरोखर पळत होते. मी आणि मेकदेस मागे, येशीवर्क डोलीला लागून. अयालेव धापा टाकत बायकोशी बोलत होता.

"वुदे, आलंच बघ. वेणी छान घातलीय तुझी, सकाळी म्हणायचं राहिलं. वुदे? बोलत का नाही ती, इमाये?"

"झोप लागलीय. कळा आल्या की मधे झोप लागते. पळ तू."

"पाणी देऊ का तिला?"

"ओढ्यावर दे. पळ."

मी तोंड उघडलं होतं. पण त्याच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसल्या. मी येशीवर्कला एवढंच म्हणाले, "नरकात जाशील." ती म्हणाली, "जाईन."

ओढ्याच्या मधोमध आले आणि मेकदेसच्या जाकिटातून पोर रडली.

अयालेव थांबला, म्हणून बाकीचे थांबले. पाणी त्यांच्या गुडघ्यांना लागून वाहत होतं. त्यानं मान वळवून मेकदेसकडे पाहिलं. जाकिटाच्या वर पोरीचं ओलं टाळकं दिसत होतं. मग त्यानं एका हातानं दांडी धरली आणि दुसरा हात मागे नेऊन चादरीत घातला. तो तिच्या गालाला लागला असणार. त्यानं हात बाहेर काढला नाही.

"इमाये," तो म्हणाला. "ही कधी..."

"पलीकडे चल आधी."

"कधी गेली ही?"

"पलीकडे चल, बाळा. पाच पावलं राहिलीत. तुझ्या आईला परत उभं करतील रे सभेत. ती गेलीच आहे. मागे फिरलास म्हणून यायची आहे का?"

येशीवर्क आधीच पलीकडे पोचली होती. तिनं काठावरच्या मोठ्या दगडाजवळ उभं राहून तोंड आमच्याकडे केलं आणि जीभ नाचवत तीन किलकाऱ्या दिल्या. मोजून तीन. "मुलगी झाली!" ती ओरडली. आणि तो श्वास संपायच्या आत तिनं दोन्ही मुठींनी छाती बडवली आणि टाहो फोडला. तो टाहो खरा होता. खोपटात दाबून धरलेलं सगळं त्यात होतं, गालांवर नखं ओढून तिनं रक्त काढलं. तो ऐकून पलीकडच्या शेतातली माणसं धावत आली. काय झालं, काय झालं? "वाटेत झाली हो," येशीवर्क सांगत होती, "वाटेतच गेली हो माझी लेक!"

बाकीच्या तिघांच्या खांद्याला ओझं होतं आणि पाणी गार होतं. ते पुढे निघाले. दांडी अयालेवच्या खांद्यावर होती. तोही निघाला.

झेंडा अजून आहे. दर वर्षी नवा कपडा लावतात. मेकदेसची बदली झाली, चांगल्या जागी. पोर त्या दिवसापासून शेळीच्या दुधावर वाढली. तिचं नाव आजीनं ठेवलं, कासेच, म्हणजे भरपाई म्हणून मिळालेली. अयालेवनं दुसरं लग्न केलं नाही आणि तो फारसा बोलतही नाही. माझ्याकडे येतो, पितो, उठून जातो.

मेरीच्या सणाला येशीवर्क नातीला घेऊन ओढ्यापलीकडे जाते. तो दगड पोरीला तिची जन्मजागा म्हणून माहीत आहे. ती त्याला धुते, वर भाकर ठेवते, मेणबत्ती लावते. पलीकडच्या गावच्या बायकाही येतात. यंदा अयालेवही बरोबर होता, आणि मीही होते. मेणबत्ती वाऱ्यानं विझत होती आणि पोर दोन्ही तळव्यांनी ती झाकत होती.

"आजी, मी झाले तेव्हा किती किलकाऱ्या दिल्यास?"

"तीन. पोरीला तीनच असतात."

"सात," अयालेव म्हणाला.

येशीवर्कनं त्याच्याकडे पाहिलं. पोर बापाकडे बघून हसली. "अबाबा, सात मुलाला असतात!"

"सात दिल्या," तो म्हणाला. "सगळ्या गावानं दिल्या."

पोर खूश झाली, पण तिला पुरता विश्वास बसेना. ती माझ्याकडे वळली. "खरंच का गं, इतागेन्य आजी?"

"खरंच," मी म्हटलं. "मी मोजल्या होत्या."